अबोला विसरलेली नणंद

हर्मिंदा आणि एलपिदिया या नणंद-भावजयांमधून विस्तव जात नाही, हे कोरिएन्तेस प्रांतातल्या आमच्या गोया गावात कुणाला सांगावं लागत नसे. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. ही अंगण झाडायला निघाली की ती झाडू टेकवून आत जायची. ती चर्चला पुढच्या बाकावर बसली की ही मागच्या. दोघींच्या मध्ये सापडलेला सिरिलो, म्हणजे हर्मिंदाचा नवरा आणि एलपिदियाचा धाकटा भाऊ, दर रविवारी दोन्ही घरी जेवायचा. कुणाकडचं ताट नाकारायची सोय नव्हती. त्याचं पोट सुटलं ते या भांडणामुळे, असं हर्मिंदा अजूनही सांगते.

भांडण कार्निव्हलचं. हर्मिंदा शिंपीण. कार्निव्हलच्या पोशाखांवर टिकल्या नि मणी शिवण्यात तिची उमर गेली. गोयातल्या निम्म्या मुली तिच्या हातचे कपडे घालून रस्त्यावर नाचल्या असतील. एलपिदिया नोकरीला टेलिफोन ऑफिसात होती, पण खरी ओळख नाचपथकाची प्रमुख म्हणून. आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी मिरवणूक थांबत नसे. त्या वर्षी पथकाची राणी परीक्षकांच्या मांडवासमोर आली, गिरकी घेतली, आणि तिच्या पाठीवरची, हर्मिंदाने तारेवर बांधलेली पिसांची भलीमोठी कमान कडकन मोडून जखमी बगळ्याच्या पंखासारखी लोंबायला लागली. बक्षीस गेलं. मिरवणूक संपल्यावर सगळ्या पथकासमोर एलपिदिया म्हणाली, "शिंपिणीला तार वळवता येत नसेल, तर तिने उशांचे अभ्रे शिवावेत."

त्या दिवसापासून अबोला. वीसेक वर्षं चालला. सिरिलो गेला तेव्हा शवपेटीच्या एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला ती, अशा दोघी उभ्या होत्या. लोकांना वाटलं, आता तरी बोलतील. दोघी रडल्या, पण आपापल्या बाजूला.

मग एलपिदिया विसरायला लागली. पहिली शंका गल्लीला आली ती तिच्या गोड बोलण्यामुळे. पाववाल्याला ती धन्यवाद म्हणाली. पाद्रींना म्हणाली की आजचं प्रवचन छान झालं. पाववाला दुकानात परत जाऊन बायकोला म्हणाला, "एलपिदियाबाईंना काहीतरी झालंय." त्यानंतर ती एकदा बसस्टँडवर सिरिलोला उतरवून घ्यायला गेली आणि दुपारभर बाकावर बसून राहिली. सिरिलोला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, औषधं दिली, आणि हे वाढतच जाणार असं मुलांना सांगितलं.

अशातच एका सकाळी एलपिदिया हर्मिंदाच्या पुढच्या दाराने आत आली. काखेत बर्फाच्या पाण्याचा थर्मास, हातात तेरेरेचा, म्हणजे पानं थंड पाण्यात भिजवून नळीने प्यायच्या पेयाचा, पेला. ओसरीवरच्या खुर्चीत बसली, पेल्यात पाणी ओतलं, नळीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "आज उशिरा उठलीस."

हर्मिंदा दारात उभीच राहिली. हा नवा डाव असेल असं तिला वाटलं. तिने तोंडातून शब्द काढला नाही. एलपिदियाचं त्यावाचून काही अडलं नाही. ती उन्हाबद्दल बोलली, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलली, पेला पुढे केला. हर्मिंदाने तो घेतला नाही, तर स्वतःच पिऊन टाकला आणि दुसरा भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी येताना लिंबू नि मध घेऊन आली.

"घसा धरलाय ना तुझा?" तिने विचारलं. "किती दिवस बोलत नाहीयेस."

आता मात्र हर्मिंदाला राहवलं नाही. "मी तुझ्याशी बोलत नाही, एलपिदिया. आपलं भांडण आहे."

"अगं बाई. कशावरून?"

हर्मिंदाने सगळं सांगितलं. कमान, गिरकी, मांडव, बक्षीस आणि ते उशांचे अभ्रे. इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, त्यामुळे एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. एलपिदिया लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच मान हलवत होती. शेवटी पेला खाली ठेवून म्हणाली, "कोण बाई ती? फारच उद्धट. मी तुझ्या जागी असते तर तिचं तोंड पाहिलं नसतं."

हर्मिंदाने लिंबू कापलं आणि पाणी गरम करायला ठेवलं. भांडायचं तर समोर भांडणारी हवी. इथे नणंद तिच्याच बाजूने भांडायला उभी होती.

तर अशा रीतीने सकाळचं तेरेरे सुरू झालं. पुढे सकाळबरोबर दुपारही आली. एलपिदिया पहाटे उठायची, न्याहारी केली की नाही हे विसरायची आणि इकडे येऊन बसायची. हर्मिंदा तिला चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, भाजून द्यायची, गोळ्या द्यायची. हाताला चाळा म्हणून मण्यांचा डबा पुढे करायची. एलपिदिया निळे मणी एकीकडे, लाल एकीकडे करायची आणि झाले की पुन्हा एकत्र ओतायची.

एकदा ती अशीच बसलेली असताना हर्मिंदाने पेटीतली जुनी पिसं उन्हात घातली होती. एलपिदियाने एक लांब पांढरं पीस उचललं, दाराकडे पाहिलं, आणि हर्मिंदाच्या कानाशी लागून पुटपुटली, "तुला एक सांगते. त्या कमानीवर ना, मी बसले होते. पोशाखांच्या ट्रकमध्ये. अंधारात दिसलीच नाही. कर्रकन आवाज आला. माझ्या भावजयीला सांगू नकोस हं. ती फार तापट आहे."

हर्मिंदा उठून आत गेली. काही कारण नसताना तिने तीन कांदे चिरले. मग सिरिलोच्या फोटोसमोर उभी राहून त्याला म्हणाली, "ऐकलंस? तुझी बहीण." एवढ्या वर्षांचा राग आता खरा ठरला होता, पुराव्यानिशी, आणि तो काढायचा कुणावर? बाहेर बसलेल्या म्हातारीला सांगितलं तर ती पुन्हा म्हणेल, कोण बाई ती. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं कांद्याचं किती हे तिलाही कळेना. मग तिला हसू आलं. ट्रकच्या अंधारात कमानीवर बसलेली एलपिदिया, तो कर्रकन आवाज, आणि नंतर कुणालाही काही न सांगता ऐटीत खाली उतरणारी एलपिदिया, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. ती बाहेर आली.

"सांगत नाही तुझ्या भावजयीला," ती म्हणाली. त्या दिवशी कांद्याचं कालवण झालं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मुलं मध्ये पडली.

एलपिदियाला दोन मुलं. मोठा ओस्वाल्दो, कोरिएन्तेस शहरात गुराढोरांच्या औषधांचं दुकान चालवतो. आवाज आईचा. धाकटी निदिया, तिथून नदीवरच्या पुलापलीकडे रेसिस्तेन्सियाला शाळेची मुख्याध्यापिका. शिस्त आईची. दोघांचं आईवर प्रेम होतं, याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती. भानगड अशी की दोघांनाही ते एकट्यानेच करायचं होतं. ओस्वाल्दोचं म्हणणं, आईला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं, त्याच्या दुकानापासून जवळ, तिथे नर्स आहेत. निदियाचं म्हणणं, आई माझ्या घरी येईल, आश्रमात ठेवायला ती काय अनाथ आहे? मग ओस्वाल्दो म्हणायचा, तू दिवसभर शाळेत, आईला काय वर्गात बसवणार? मग निदिया काढायची की लहानपणी आईचा ताप उतरेना तेव्हा हा मासे पकडायला गेला होता. दोघंही फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायची. मीठ किती घालायचं, टीव्ही किती वेळ लावायचा, याच्या दोघांच्या वेगवेगळ्या सूचना हर्मिंदाला यायच्या. ती दोघांनाही हो म्हणायची आणि मीठ चवीप्रमाणे घालायची.

एका भेटीत निदिया आईचं ओळखपत्र घेऊन गेली, जपून ठेवायला म्हणून. हे कळताच पुढच्या भेटीत ओस्वाल्दो आरोग्यविम्याचं कार्ड घेऊन गेला. आता एकाच्या हातात कुलूप आणि दुसऱ्याच्या हातात किल्ली.

व्हायचं ते झालं. एलपिदिया अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. हर्मिंदाने गाडी बोलावली, तिला दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसाने ओळखपत्र मागितलं. ते निदियाकडे. विम्याचं कार्ड मागितलं. ते ओस्वाल्दोकडे. हर्मिंदाने तिथूनच दोघांना फोन लावला. निदिया म्हणाली, त्याला आधी कार्ड द्यायला सांग. ओस्वाल्दो म्हणाला, तिला आधी ओळखपत्र द्यायला सांग. खिडकीतला माणूस ऐकत होता. त्याने काही न बोलता व्हीलचेअर आणवली आणि एलपिदियाला आत पाठवलं. एलपिदियाने जाता जाता त्याचा गाल थोपटला आणि विचारलं, "तुझं लग्न झालंय का रे?"

हाड मोडलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दोघंही मुलं आली आणि अंगणात अशी जुंपली की गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकणं बंद केलं. आठवड्याभरात दोघांनी न्यायालयात वेगवेगळे अर्ज टाकले. आईचा कायदेशीर पालक मलाच नेमा, भावाला नको. मलाच नेमा, बहिणीला नको.

आमच्याकडे असा अर्ज आला की न्यायाधीशाला त्या माणसाला स्वतः भेटावं लागतं. एलपिदियाचा पाय बांधलेला, म्हणून न्यायाधीशबाईच घरी आल्या. बियांकेत्ती त्यांचं नाव, चाळिशीच्या, चपटे बूट, बरोबर एक लिहिणारा कारकून. त्या दिवशी निदियाने सकाळीच येऊन आईचे केस विंचरले आणि तिला निळा झगा घातला. ओस्वाल्दो आला, म्हणाला आईला निळा कधीच आवडत नव्हता, आणि पिवळा काढून दिला. शेवटी एलपिदिया निळ्या झग्यावर पिवळी शाल घेऊन बसली. हर्मिंदाने चिपा भाजल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचा या अर्जांशी काही संबंध नव्हता. ती फक्त खायचं द्यायला आली होती.

वकील आणि न्यायाधीश यांना आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. ओस्वाल्दोने "आई, या डॉक्टर बियांकेत्ती" अशी ओळख करून दिली, तशी एलपिदियाने लगेच जीभ बाहेर काढून दाखवली. मग गुडघा कसा दुखतो ते सांगितलं. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं, जीभ चांगली आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं की घरात कोण कोण मदत करतं. एलपिदियाने मुलांकडे पाहिलं. दोघंही जरा पुढे सरकली.

"हे दोघं सभ्य दिसतात," ती म्हणाली. "पण आले की ओरडतात. मदत करते ती शिंपीण. ती तिथे उभी आहे. खायला पण देते."

निदियाचा चेहरा पडला. मुख्याध्यापिकेच्या आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर, हे नोंदवून घ्या. या माझ्या मामी. आईशी या वीस वर्षं बोलत नव्हत्या. अख्ख्या गावाला माहीत आहे. यांच्या भरवशावर आईला कसं ठेवायचं?"

कारकुनाने मान वर केली. न्यायाधीशबाईंनी हर्मिंदाला पुढे बोलावलं आणि हे खरं का म्हणून विचारलं.

हर्मिंदाने हात एप्रनला पुसले. "खरं आहे," ती म्हणाली. "भांडण होतं. अजूनही आहे. फक्त ते आता मला एकटीला सांभाळावं लागतं, ती विसरली. सकाळी ती दाराशी येते. मी दार उघडलं नाही, तर ती रस्त्यात जाऊन बसेल. मग उघडते. आत आली की भूक लागलेली असते. मग देते. यात ठरवून केलेलं काही नाही, डॉक्टर. बोलत नव्हते तेव्हाही तिच्या घरातला दिवा किती वाजता मालवतो ते मला माहीत होतं. भिंतच एक आहे."

"तुम्हाला पालक व्हायचंय का?"

"नको, बाई. माझा गुडघा तिच्यापेक्षा वाईट आहे. आणि ही दोघं मला सुखाने जगू देणार नाहीत. आईला ती सोडणार नाहीत, ते चांगलंच आहे. माझं मागणं एवढंच, दोन्ही कार्डं या घरात राहू द्या. त्या दिवशी दवाखान्यात मी एका अनोळखी माणसासमोर मान खाली घालून उभी होते. माझ्या सिरिलोची भाचरं आहेत ही. मला लाज वाटली."

ओस्वाल्दो उठून खिडकीशी गेला आणि बाहेरच्या संत्र्याच्या झाडाकडे पाहत राहिला. न्यायाधीशबाई एलपिदियाकडे वळल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं की तुम्हाला कुठे राहायला आवडेल. शहरात, मुलीकडे, की इथे?

"इथे," एलपिदिया म्हणाली. "दुसरीकडे मला कोण ओळखतं?" आणि चिपांची थाळी न्यायाधीशबाईंकडे सरकवून म्हणाली, "खा, डॉक्टर. फार वाळलात."

न्यायाधीशबाईंनी दोन खाल्ल्या. कारकुनाने चार.

निकाल यायला वेळ लागला. आला तो असा: दोघा मुलांनी मिळून आईची जबाबदारी घ्यायची. औषधोपचार असो की कागदपत्रं, एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. डॉक्टर परवानगी देतील तोवर एलपिदिया तिच्या स्वतःच्या घरी राहील, रात्री सोबतीला पगारी बाई ठेवायची. दोन्ही कार्डं तिच्या घरी. आणि मोठा निर्णय घ्यायच्या आधी भावजय हर्मिंदा यांचं म्हणणं विचारात घ्यावं. ओस्वाल्दो नाराज झाला, निदियाही तेवढीच नाराज झाली. त्यावरून पाववाल्याने ठरवलं की निकाल बरोबर असणार.

सुरुवातीला त्यांनी न्यायालयाच्या नावाने एकमेकांना छळायची नवी रीत काढली. खोकल्याच्या औषधालाही एकमेकांची परवानगी मागायला लागली. पण परवानगी मागायची तर फोन करावा लागतो, आणि फोन केला की चार शब्द इकडचे तिकडचे होतातच. निदियाला भावाच्या पाठीच्या दुखण्याचं कळलं. ओस्वाल्दोला कळलं की निदियाचा नवरा घर सोडून गेलाय, आणि तिने हे वर्षभर कुणाला सांगितलेलं नाही. त्या रविवारी तो आईकडे यायच्या आधी पुलापलीकडे जाऊन बहिणीला गाडीत घालून घेऊन आला. हर्मिंदाने दोघांना एका गाडीतून उतरताना पाहिलं आणि आधी तिला वाटलं, कुणीतरी गेलं असणार.

एलपिदियाचं दुखणं काही थांबलं नाही. ते थांबणारं नव्हतंच. ती कधी हर्मिंदाला आई म्हणायची आणि वेणी घालून मागायची. कधी गोळी थुंकून टाकायची आणि वर शिव्या घालायची, त्याही टेलिफोन ऑफिसातल्या जुन्या ठेवणीतल्या. एकदा तिने हर्मिंदाला ओळखलंच नाही आणि घराबाहेर जा म्हणाली. हर्मिंदा बाहेर गेली, संत्र्याच्या झाडाखाली थोडा वेळ बसली, डोळे पुसले आणि पुढच्या दाराने पुन्हा आत आली. "बरं झालं आलीस," एलपिदिया म्हणाली, "आत्ताच इथे एक बाई होती."

गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. ओस्वाल्दोने अंगणात मांस भाजायला घेतलं. निदिया सॅलड करता करता म्हणाली की मीठ जास्त पडतंय, आणि जाळही फार आहे. ओस्वाल्दो म्हणाला की शाळेत सूचना देऊन पोट भरत नाही का तुझं. ती म्हणाली, गुरांच्या डॉक्टरांना औषधं विकून कुणी आचारी होत नाही. झालं, पुन्हा सुरू. पण या वेळी निदिया भांडता भांडता त्याच्या थाळीत टोमॅटो वाढत होती.

सावलीत बसलेली एलपिदिया बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने हर्मिंदाला कोपराने ढोसलं. "ही माणसं कोण? नवरा-बायको आहेत का?"

"नाही गं. भाऊ-बहीण."

"असं होय," एलपिदियाने मान डोलावली. "तरीच. नवरा-बायको असते तर एवढी वर्षं टिकले नसते."

हर्मिंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. ओस्वाल्दो पाणी घेऊन धावला, निदिया पाठ चोळायला लागली, आणि आधी पाणी द्यायचं की पाठ चोळायची यावरून दोघांचं वाजलं. जेवण झाल्यावर हर्मिंदाने त्या दोघांना भांडी घासायला आत पिटाळलं. नणंद-भावजय पाय पसरून बसल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच एकाचा, मध्येच दुसरीचा. एलपिदियाचे डोळे मिटले होते. हर्मिंदाने तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं आणि आपणही डोळे मिटले.